मायचे बिऱ्हाड एका दिवसात आले, नाव यायला शिमगा उजाडला

वारंगा फाटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. एक वाट हिंगोलीकडे जाते, एक नांदेडकडे, आणि एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. रात्री-अपरात्री एस. टी. तून उतरलेला माणूसही इथे सहसा चुकत नाही. खिचडीच्या हॉटेलापुढे कोणी ना कोणी जागा असतो, आणि "बापू, तुमची गाडी तिकडं लागंल," असे हात करून दाखवतो.

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या म्हाताऱ्या आईला गावाकडून इथे फाट्यावर आणले. त्यानंतरचे चार महिने मी एका वेगळ्याच फाट्यावर उभा होतो. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. तिथे वाटा पुष्कळ, पण हात करून दाखवणारे माणूस एकही नाही. त्या चार महिन्यांत मी जे शिकलो, त्यात काही कागदपत्रांचे आहे आणि काही आपल्या स्वभावाचे. दोन्ही सांगतो, कारण ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे, त्यांच्यावर ही वेळ आज ना उद्या येणारच आहे.

एकटी किती दिवस राहणार?

आमचे गाव कयाधूच्या काठचे. वडील जाऊन पाच वर्षे झाली. चार एकर जमीन बटईने दिली आहे. माझी फाट्यावर पिठाची गिरणी असल्याने मी, बायको आणि लेकरे इकडे, आणि आई गावी एकटी, असे चालले होते. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. "रझाकाराच्या धामधुमीत मी मायच्या अंगावर पीत होते," एवढीच तिची जन्मतारीख.

श्रावणात ती न्हाणीत पाय घसरून पडली. रात्रभर तशीच पडून राहिली. सकाळी शेजारीण ताक मागायला आली तेव्हा समजले. हाड मोडले नव्हते, पण माझ्या मनाचा धीर मोडला. "आता इथं ठेवायचं नाही," असे मी ठरवले. वाचकहो, "मी ठरवले" असे लिहिताना आज मला खटकते. तेव्हा खटकले नाही.

आई एवढेच म्हणाली, "दिवाळी गावी करू दे. मंग नेय कुठं न्यायचं तिथं."

दिवाळी झाली. टेम्पो आणला. एका दिवसात बिऱ्हाड हलले. पितळी घागर, पाटा-वरवंटा, वडिलांची पत्र्याची पेटी आणि एका फडक्यात बांधलेले दोडक्याचे आणि वाळकाचे बी, एवढे तिने आपल्या हाताने टेम्पोत ठेवले. बाकीचे आम्ही चढवले. संध्याकाळी फाट्यावर पोचलो. मी मनात म्हटले, चला, सुटलो.

पण बिऱ्हाड आले तरी माणसाचे नाव मागेच राहिलेले असते. ते बँकेच्या पासबुकात, गॅसच्या पुस्तकात, रेशनकार्डावर, आधारकार्डावर, पेन्शनच्या कागदावर ठिकठिकाणी अडकलेले असते. ते काढून आणणे म्हणजे बाभळीत अडकलेले धोतर सोडवणे. घाईने ओढले की फाटते.

एक मोबाईल नंबर, आणि सारे त्यात अडकलेले

वडील साखर कारखान्यात कायम कामगार होते. त्यामुळे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून आईला विधवा पेन्शन मिळते. या योजनेत २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली; आईला त्याहून थोडी अधिक मिळते. एवढ्या पैशात काय होते, असे कोणी म्हणेल. पण डोळ्यांचे औषध, नातीच्या बांगड्या, नर्सीला नामदेवाच्या पायावर ठेवायचा रुपया, हे सारे ती आपल्या हातच्या पैशातून करते. लेकापुढे हात पसरावा लागत नाही, ही त्या पैशाची खरी किंमत.

या पेन्शनीला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे पेन्शन घेणारे माणूस जिवंत आहे, असे दाखवावे लागते. दाखला दिल्यापासून तो एक वर्ष चालतो. आईचा दाखला बिऱ्हाड हलवण्याच्या गडबडीत संपून गेला. डिसेंबरात पेन्शन आली नाही.

मी बँकेत गेलो. तिथे सांगितले, "तुमचे खाते आमच्या शाखेचे नाही. मूळ शाखेत जा." मूळ शाखा गावाकडच्या बाजारपेठेत. गिरणी बंद ठेवून तिकडे गेलो. तिथे म्हणाले, "पत्ता बदललाय ना? मग नव्या शाखेत द्या. आणि मोबाईल नंबर जुळत नाही." पुन्हा फाट्याकडची शाखा. असे तीन वेळा झाले. प्रत्येक खेपेला एक दिवस गेला आणि गिरणीपुढे ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बायका परत गेल्या.

मोबाईल नंबर का जुळत नव्हता, तेही सांगतो. २०१४ साली जनधनची खाती निघाली तेव्हा गावात शिबिर झाले होते. आईजवळ मोबाईल कुठला? पुतण्याने आपला नंबर लिहून दिला. पुढे आधारलाही तोच गेला, गॅसलाही तोच. पुतण्या आता पुण्याला कारखान्यात कामाला आहे. पाळीवर जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो. इकडे आम्ही कुठलेही काम काढले की ओटीपी, म्हणजे तो सहा आकडी संकेतांक, पुण्याला बंद पेटीत वाजायचा. पुतण्या संध्याकाळी फोन करून सांगायचा, "काका, आकडा आलाय, लिहून घ्या." तोवर त्या आकड्याची मुदत संपलेली!

वाचकांपैकी कितीतरी घरांत हीच स्थिती असेल. आजीच्या खात्याला नातवाचा नंबर, आजोबांच्या खात्याला दुकानदाराचा नंबर. तेव्हा सोय झाली, आता ती सोयच आडवी येते.

"जेवलीस का, बाई?"

जानेवारीत एका दिवशी मी हट्टाने बसलो आणि ग्राहक सेवेचा फोन लावला. आधी गाणे वाजले. मग एक बाई म्हणाली की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा गाणे. चोपन्न मिनिटांनी एक खरीखुरी मुलगी बोलली. मी सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "सर, मला ग्राहकाशीच बोलावे लागेल."

मी फोन आईच्या कानाला लावला. आईने पहिला प्रश्न केला, "बाई, जेवलीस का?"

पलीकडची मुलगी हसली असावी. ती म्हणाली, "हो आजी, जेवले. तुमची जन्मतारीख सांगा."

आता आधारकार्डावर आईची जन्मतारीख १ जानेवारी अशी आहे. ज्यांना तारीख माहीत नाही, अशा कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या कार्डावर हीच तारीख सापडते. मी आदल्या रात्री ती आईकडून पाठ करून घेतली होती. पण ऐन वेळी आई म्हणाली, "रझाकाराच्या साली, बाई. महा बाप तवा गाव सोडून रानात ऱ्हात होता..."

मुलीने दोनदा विचारले. आईने दोनदा तेच सांगितले. मग मुलगी म्हणाली, "क्षमा करा, माहिती जुळत नाही." आणि फोन बंद झाला.

त्या मुलीवर ओरडायला फोन चालू नव्हता. बँकेतल्या माणसावर ओरडायची माझी छाती नव्हती. समोर आई होती. मी तिच्यावर ओरडलो. "एवढी एक तारीख पाठ व्हत नाही तुला? तुझ्यापायी मी दोन महिने धंदा बुडवून फिरतोय!"

आई काही बोलली नाही. रात्री जेवली नाही. सकाळी उठून पाहतो तो ती गाठोडे बांधून उंबऱ्यात बसलेली.

"मला गावी नेऊन घाल," ती म्हणाली. "तिथं मला कोनी तारीख इचारत न्हाई. समदे मला वळखतात."

मी उभा राहिलो तसाच राहिलो. अठ्ठ्याहत्तर वर्षे जिने आपल्या ओळखीवर गावात काढली, तिला मी अशा जागी आणले होते की जिथे तिला ओळखणारे फक्त यंत्र, आणि ते यंत्रही नाही म्हणत होते. आणि घरात ओळखणारा एक लेक, तो तिच्यावर ओरडत होता.

माझी बायको बाहेर आली. तिने आईच्या हातचे गाठोडे घेतले आणि मला म्हणाली, "अहो, तिकडचा राग तिकडंच ठेवून येत जा. घरात आणू नका." एवढेच. पण मला ते पुरेसे झाले.

चाळीस पानी वही

त्या दिवसापासून हे काम माझ्या बायकोने हाती घेतले. तिने पोराच्या दप्तरातली एक कोरी चाळीस पानी वही घेतली. प्रत्येक कामाला एक पान. तारीख, कुठे गेलो, कोणाशी बोललो, तो काय म्हणाला, तक्रारीचा क्रमांक काय. आणि तिने एक नियम केला : आईचे कुठलेही काम आईला विचारल्याशिवाय आणि आईला सोबत नेल्याशिवाय करायचे नाही.

मग तिने विचार केला की गाठ नेमकी कुठे आहे. मी बँक, गॅस, पेन्शन अशा पाच ठिकाणी एकदम हात घातला होता. ती म्हणाली, "सगळीकडं आधारचा नंबर विचारतात ना? मग आधी आधारवरचा मोबाईल बदलू." पुरुषाला दोन महिन्यांत न सुचलेली गोष्ट बाईला एका संध्याकाळी सुचली.

आईच्या नावाने साधा मोबाईल घेतला आणि तिघेही आधार केंद्रावर गेलो. केंद्रावर मुलगा होता, जवळच्याच गावचा. आईचा अंगठा यंत्रावर ठेवला. उमटला नाही. दुसरा ठेवला. नाही. दहाही बोटे झाली. मुलाने तिचा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आजी, काय काम केलंत एवढं? रेघाच राहिल्या नाहीत."

आई म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, बाबा. सुकडी खाऊन लेकरं जगवली."

मुलगा क्षणभर गप्प बसला. मग त्याने तिला हात धुवायला लावले, कोरडे केले, बोटांना किंचित तेल चोळून पुसले आणि पुन्हा पाहिले. तरीही जमले नाही. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटली. मोबाईल नंबर बदलायला दुसरा कुठलाही कागद लागला नाही. पाच-सहा दिवसांनी नवा नंबर चढला.

इथे एक गोष्ट नमूद करतो. शेतात, खडीवर, भट्टीवर राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, यात म्हाताऱ्या माणसाचा काही दोष नाही. म्हणूनच केंद्र सरकारने २०१७ मध्ये राज्यांना कळवले की केवळ अंगठा जुळत नाही म्हणून कोणाचे रेशन नाकारू नये. अंगठा नाही तर डोळा, डोळा नाही तर मोबाईलवरचा आकडा, असे मार्ग ठेवलेले आहेत. खिडकीवरच्या माणसाला ते शांतपणे विचारावेत. "अंगठा येत नाही, जा," एवढ्यावर परत फिरू नये.

कागदावर लिहिले की तोंड बदलते

नंतर बँक. या वेळी बायकोने एका कागदावर अर्ज लिहिला : खाते क्रमांक अमुक, नवा पत्ता अमुक, नवा मोबाईल अमुक, तरी नोंद करून घ्यावी. आईची सही म्हणजे अंगठा, दोन साक्षीदार. दोन प्रती. खिडकीवरचा माणूस पुन्हा म्हणाला, "मूळ शाखा." बायको म्हणाली, "बरं साहेब. तेवढं या कागदावर लिहून द्या आणि शिक्का मारा."

तो माणूस आत गेला, दुसऱ्या साहेबांना विचारून आला, आणि म्हणाला, "ठेवा. करून देतो."

तोंडी 'नाही' म्हणणे सोपे असते. ते कागदावर लिहून द्यायची वेळ आली की माणूस नियम आठवून पाहतो. आणि नियम पुष्कळदा आपल्या बाजूचा असतो. आजकाल बँकांचे सारे काम संगणकाने जोडलेले आहे. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत खाते नेले तरी सगळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही. नव्या पत्त्याची नोंद करून दिली की भागते. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना असेही सांगितले आहे की सत्तरीच्या पुढच्या आणि चालता-फिरता न येणाऱ्या खातेदारांना रोख रक्कम, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरपोच देण्याचा प्रयत्न करावा. हे मला त्या दोन महिन्यांत कोणी सांगितले नाही, कारण मी विचारलेच नाही.

आता हयातीचा दाखला. त्याला पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक लागतो. तो कुठे असेल? आई म्हणाली, "मालकाच्या पेटीत बघा." पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली, घडी घातलेला कागद निघाला. टेम्पो भरताना ती पेटी मी गावीच ठेवून द्यायला निघालो होतो!

जीवन प्रमाण नावाची ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. पूर्वी तिलाही अंगठा लागायचा. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. केंद्रावरचाच तो मुलगा एका संध्याकाळी दळण न्यायला आला तेव्हा त्याने गिरणीपुढच्या बाजेवर बसून मोबाईलवर हे काम केले. फोन आईच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, "आजी, डोळे मिचकवा." आईला हसू आले. तिला कोणी डोळे मिचकवायला सांगून कैक वर्षे झाली असतील. तिने मिचकवले. दाखला निघाला.

"झालं?" तिने विचारले. "आता मी जित्ती हाय म्हन सरकारदरबारी?"

आम्ही सगळे हसलो. पण मला तिच्या डोळ्यांकडे बघवले नाही.

रेशनचे काम सर्वांत सोपे निघाले, आणि त्याचीच मला सर्वांत धास्ती होती. २०२० पासून आपल्या राज्यात 'एक देश, एक रेशनकार्ड' लागू आहे. कार्ड गावचे असले तरी धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातून घेता येते. त्यासाठी नाव कमी करा, नाव चढवा, असे काही लागले नाही. गॅसचे पुस्तक घेऊन जुन्या एजन्सीत समक्ष गेलो, तेव्हा फोनवर सहा वेळा न झालेले काम दोन खेपांत झाले. शिमग्याच्या आठ दिवस आधी तटलेली पेन्शन मागच्या महिन्यांसकट खात्यावर आली.

फोन लगेच उचलला, तर सावध व्हा

मधल्या काळात एक संकट टळले तेही सांगितले पाहिजे. शेजारच्या पोराने मोबाईलवर शोधून बँकेचा म्हणून एक नंबर दिला. मी लावला, तो पहिल्या घंटीला उचलला! पलीकडचा गृहस्थ अत्यंत गोड बोलत होता. "काळजी करू नका काका, दोन मिनिटांत करून देतो. फक्त हे एक ॲप टाका आणि आलेला आकडा सांगा." मी आकडा वाचू लागलो. बायकोने माझ्या हातून फोन हिसकून घेतला.

खरी ग्राहक सेवा पहिल्या घंटीला कधी फोन उचलते काय? ओरडून, वैतागून, थकून गेलेला माणूसच अशा गोड बोलण्याला भुलतो. नंबर घ्यायचा तो पासबुकावरून, गॅसच्या पुस्तकावरून किंवा बिलावरून घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जेवढ्या लवकर कळवाल तेवढे पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

बिऱ्हाड हलवण्याआधी ध्यानात ठेवावे

टेम्पो सांगण्याआधी महिनाभर खालील कामे करावीत. ती त्याच क्रमाने करावीत, कारण मागचे काम पुढच्याला आधार देते.

१. म्हाताऱ्या माणसाजवळ बसून सगळे कागद काढावेत : आधार, पासबुक, रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, पेन्शनचा आदेश, सातबारा. कुठला कागद कुठे आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

२. त्यांच्या आधारला कोणाचा मोबाईल जोडलेला आहे ते पाहावे. परक्याचा किंवा बंद पडलेला असेल तर तो प्रथम बदलावा. आधारची चौकशी १९४७ या क्रमांकावर करता येते. लेकाच्या किंवा सुनेच्या नावचा पत्त्याचा पुरावा असेल, तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय २०२३ पासून आहे.

३. मग बँक, मग पेन्शन, मग गॅस. पंतप्रधान किसान सन्मान निधी मिळत असेल तर त्याची ई-केवायसी चेहऱ्यावरूनही होते. अंगठ्यासाठी अडून बसू नये.

४. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर पोच घ्यावी. फोन केला तर तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

५. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. गॅस, मोबाईल वगैरे सेवांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

६. दाखले, उतारे अशा शासकीय कामांना महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरलेली असते. ती टळली तर अपील करता येते, आणि विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आपल्याकडे ग्राहकाच्या हक्काची चळवळ नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि २०२० पासून त्याजागी २०१९ चा नवा कायदा लागू आहे. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडे तक्रार देता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील द्यावाच लागतो असेही नाही. कायदे आहेत. ते वापरायला वही आणि धीर लागतो.

पासबुक कोणाजवळ?

सगळ्यात शेवटी, कागदाहून नाजूक गोष्ट. म्हातारे माणूस घरी आणले की त्यांचे पासबुक, कार्ड आणि मोबाईल आपल्या कपाटात ठेवायचा मोह होतो. "सांभाळून ठेवतो," असे आपण म्हणतो. तसे करू नये. आमच्या आईचे पासबुक तिच्या पितळी डब्यात असते. नोंद करायची असली की ती काढून देते आणि परत मागून घेते. कुठल्याही कागदावर अंगठा घेण्याआधी तो कागद आम्ही तिला वाचून दाखवतो. ती दोनदा विचारते, आम्ही दोनदा सांगतो. घरातल्या घरात आपणच तिला 'माहिती जुळत नाही' म्हणू लागलो, तर तिने कोणाकडे जावे?

आणि फोनवरच्या लेकरांवरही ओरडू नये. तीही कोणा शेतकऱ्याचीच असतील. समोरच्या कागदावर लिहिलेले त्यांना वाचावे लागते. आईने त्या मुलीला जेवलीस का विचारले, ते माझ्या चोपन्न मिनिटांच्या संतापापेक्षा शहाणपणाचे होते.

गावचे घर आम्ही विकलेले नाही. पोळ्याला आणि दिवाळीला आईला घेऊन जातो. दाराला तिचे कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. फडक्यात बांधून आणलेले दोडक्याचे आणि वाळकाचे बी तिने मिरगात गिरणीच्या भिंतीशी लावले. वेल पत्र्यावर चढले.

दुपारी ती गिरणीपुढच्या बाजेवर बसते. समोरून गाड्या जातात. एखादा पिशवीवाला गोंधळून उभा दिसला की ती त्याला हाक मारते. "कुठं जायचं, बाबा? नागपूरला? मंग हिकडं नको थांबू, तिकडं हदगावच्या रस्त्याला जा." तो जातो. थोड्या वेळाने ती मला विचारते, "बरोबर सांगितलं नं म्या?"

बरोबर सांगते ती. अजून एकदाही चुकलेली नाही.